अंगणातले निर्वासित

निर्वासित म्हटले की देशाची सीमा ओलांडून आलेली माणसे आपल्या डोळ्यांसमोर येतात. १९५१ च्या जिनिव्हा करारातही छळाच्या भीतीने परदेशात आलेल्यालाच निर्वासित म्हटले आहे. मग आपल्याच डहाणू-तलासरीत, स्वतःचे घर असून जे अंगणात झोपले, त्यांना काय म्हणावे?

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, हळदपाडा भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. जमिनीखालून आवाज येई, भांडी वाजत, माणसे मुलांना उचलून बाहेर धावत. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी हळदपाड्यात दोन वर्षांची एक मुलगी धावताना पडून दगावली. मग राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू उभारले. तंबू आले म्हणजे मदत पोचली, असे आपल्याला वाटले. पण उघड्यावरच्या संसारात थंडी, दव आणि डास असतात. ओली बाळंतीण असते. क्षयाच्या गोळ्या सहा महिने न चुकता घ्यायच्या असतात, आणि त्या ठेवायला फळीही नसते.

अशा वेळी मोठे इस्पितळच हवे असे नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये बनगावला पटकीची साथ पसरली आणि सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपे भरून ठेवली, आणि आयाबहिणींनी रुग्णांना ते पाणी पाजले. शंभरात तीसच्या आसपास दगावत होते, ते चाराच्याही खाली आले. थोड्यांना उत्तम उपचार द्यावे की सर्वांना साधे, या प्रश्नाचे उत्तर त्या पिंपांनी दिले.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. तंबूपाशी औषधाची गाडी येते, आणि जेथे भिंतींना तडे गेले नाहीत अशा शेजारच्या पाड्यावरची आई कुपोषित मूल घेऊन रांगेत उभी राहते. तिला परत पाठवायचे का? “ते तर नेहमीचेच आहे,” असे म्हणणारे आपल्यातही आहेत. आम्हांला ते पटत नाही. आजार भूकंपाचा की गरिबीचा, हे त्या मुलाच्या अंगाला कळत नाही. गाडी भूकंपामुळे आली म्हणून तिच्यावरचा हक्क केवळ भूकंपग्रस्तांचा ठरत नाही.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील तेल व द्राक्षारस आपल्या लक्षात राहतात. उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे देऊन, परत येताना उरलेले फेडण्याचे त्याने कबूल केले होते, ते आपण विसरतो. धक्के फेब्रुवारीत संपले नाहीत. त्याच वर्षी जुलैत, ऐन पावसात, धक्क्यांनंतर घर कोसळून एक माणूस गेला. हिवाळ्यात चादरी वाटून आलेले आपण तोवर पुन्हा तिकडे फिरकलो नव्हतो.