भौतिकशास्त्राच्या वर्गात आकाश

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी काही मुले एकच प्रश्न घेऊन भेटतात: खगोलभौतिकीत बी.एस्सी. कुठे करता येईल? प्रश्नामागची ओढ खरी असते. कुणी नारळीकरांची पुस्तके वाचलेली असतात, कुणी विज्ञान दिनाला खोडदला जाऊन जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या त्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना पाहून आलेला असतो, कुणाच्या मनातून २०१९ साली आलेले कृष्णविवराचे पहिले चित्र जात नसते. सोबतच्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा असतो, नोकरीचा. त्याकडे पुढे येतो. मुलांना मी जे सांगतो ते पुष्कळांना सुरुवातीला रुचत नाही. पदवीच्या कागदावर ‘खगोलभौतिकी’ छापलेले असावे म्हणून वर्ष घालवू नका, घर गहाण टाकून परदेशी जाऊ नका. भौतिकशास्त्र आणि गणित घ्या आणि कसून शिका.

हे दुधाची तहान ताकावर भागवणे नव्हे. ज्यांनी हा विषय घडवला ते पदवीला काय शिकले हे पाहा. जयंत नारळीकर १९५७ साली बनारस हिंदू विद्यापीठातून बी.एस्सी. झाले आणि केंब्रिजला गेले ते गणिताच्या ट्रायपॉससाठी. जोसलिन बेल १९६५ मध्ये ग्लासगोहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन निघाल्या आणि दोनच वर्षांत त्यांना पहिला पल्सार सापडला. चंद्रशेखर मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकले. १९३० मध्ये इंग्लंडला जाताना, एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी बोटीवर जे गणित मांडले त्यातून पुढे श्वेत बटू ताऱ्याच्या वस्तुमानाची मर्यादा निघाली: सूर्याच्या सुमारे १.४ पट. त्या गणितात दुर्बीण नव्हती. पुंजयामिकी होती, विशेष सापेक्षता होती, आणि दोन्ही एकत्र वापरायची हिंमत होती. परदेशात जिथे खगोलभौतिकीची स्वतंत्र पदवी मिळते, तिथेही पहिल्या एक-दोन वर्षांचा बराचसा अभ्यास भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबरच असतो. यामिकी, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी, गणित हे कुणालाच चुकत नाही.

मात्र दोष केवळ मुलांच्या समजुतीचा नाही. आपण भौतिकशास्त्र ज्या रीतीने शिकवतो त्यात आकाश वर्गाबाहेरच राहते. काही विद्यापीठांत तिसऱ्या वर्षाला एखादा ऐच्छिक पेपर असतो, तोही शिकवायला माणूस असेल तर. मुलगा तारे बघून या विषयाकडे आला, आणि तीन वर्षे त्याने पाहिला तो लंबक, प्रिझम आणि झेनर डायोड. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण हे टाळता येण्यासारखे आहे.

दिलेल्या तापमानाला किती अणू वरच्या ऊर्जापातळीवर असतील ते सांगणारा बोल्ट्झमनचा घटक घ्या. परीक्षेत तो सिद्धतेपुरता येतो आणि गुण देऊन निघून जातो. पण सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा ठळक दिसतात आणि हायड्रोजनच्या त्या मानाने फिक्या, मग सूर्य मुख्यतः कशाचा बनला आहे, असे विचारून पाहा. दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषा उमटायला इलेक्ट्रॉन आधी दुसऱ्या पातळीवर हवा, त्यासाठी १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन, म्हणजे उष्णतेतून मिळणारी ऊर्जा अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. विद्यार्थी गणकयंत्रावर आकडे टाकतो आणि उत्तर येते: साधारण वीस कोटी अणूंमागे एक अणू. म्हणजे हायड्रोजन कमी नाही, त्या रेषा उमटवू शकणारे अणू कमी आहेत. मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाचे समीकरण दिले, सेसिलिया पेन यांनी ते ताऱ्यांच्या वर्णपटांना लावले आणि १९२५ च्या प्रबंधात तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे असल्याचे दाखवले. हेन्री नॉरिस रसेल यांच्यासारख्या ज्येष्ठाने ते अशक्य ठरवले, म्हणून पेन यांना स्वतःच्याच निष्कर्षापुढे ‘हे जवळजवळ निश्चितच खरे नाही’ अशा अर्थाची पुस्ती जोडावी लागली. चार वर्षांनी रसेल त्याच निष्कर्षाला पोचले. या पेनबाई केंब्रिजला आधी वनस्पतिशास्त्र शिकायला आल्या होत्या. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांचे व्याख्यान ऐकून त्या भौतिकशास्त्राकडे वळल्या.

दुसरा प्रयोग मी हौशी मुलांकडून करून घेतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची मोजमापे केली, आणि ती कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. कृत्तिका या तारकागुच्छाच्या भोवतीचा आकाशाचा तुकडा निवडायचा आणि प्रत्येक ताऱ्याचा रंग व तेजस्विता आलेखावर मांडायची. पहिल्यांदा ठिपक्यांचा नुसता गोंधळ दिसतो, कारण त्यात पुढचे-मागचे, कृत्तिकेशी संबंध नसलेले तारेही आलेले असतात. मग ज्यांची निजगती, म्हणजे आकाशातले सरकणे, एकसारखी आहे तेवढेच ठेवायचे, त्यातून ज्यांचा पराशय, म्हणजे ज्यावरून अंतर कळते तो कोन, कृत्तिकेशी जुळतो तेवढेच. गर्दी विरळ होत जाते आणि तिरपी, रेखीव अशी एक रेघ वर येते: ताऱ्यांचा मुख्य अनुक्रम. रेघेच्या वरच्या टोकाला सर्वांत जड तारे नाहीत, कारण ते जळून संपले. त्यावरून गुच्छाचे वय काढता येते, दहा कोटी वर्षांहून थोडे अधिक.

इथे मी मुलांना थांबवतो आणि अंतर विचारतो. १९९७ मध्ये हिपार्कोस उपग्रहाच्या मोजणीतून कृत्तिकेचे अंतर ३८५ प्रकाशवर्षांच्या आसपास आले, तर मुख्य अनुक्रमावरून काढलेले अंतर ४३० च्या घरात होते. उपग्रह चुकला की ताऱ्यांचे भौतिकशास्त्र? हा वाद बरीच वर्षे चालला. २०१४ मध्ये खंडोखंडी पसरलेल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून केलेल्या मोजणीने सुमारे ४४४ प्रकाशवर्षे दिली, आणि पुढे गायानेही तेच सांगितले. चूक उपग्रहाच्या मोजणीत होती. पदवीच्या विद्यार्थ्याने हे लहान वयात पाहायला हवे. ज्या वस्तूला हात लावता येत नाही, जिच्याकडून प्रकाशाखेरीज जवळजवळ काहीच येत नाही, तिच्याबद्दल किती ठामपणे बोलावे आणि कुठे थांबावे, हे शिकवण्यात खगोलभौतिकीच्या तोडीचा विषय मला माहीत नाही.

आता आईवडिलांचा प्रश्न. खरे सांगायचे तर संशोधनातल्या कायम जागा थोड्या आहेत, आणि पीएच.डी. व त्यापुढची काही वर्षे धरली तर तिशी येते. पण आपल्याजवळ जे आहे तेही कमी नाही. संशोधनसंस्थांपैकी एनसीआरए आणि १९८८ मध्ये स्थापन झालेली आयुका पुण्यात, टीआयएफआर मुंबईत, आणि २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभी राहायची आहे. आयसरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी.नंतर ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेची, पुढे ‘जेस्ट’ची वाट आहे. जो संशोधनात राहत नाही त्यालाही गोंगाटातून संकेत वेगळा काढणे, प्रोग्रॅम लिहिणे, आकड्यामागची त्रुटी ओळखणे येते, आणि हे येणाऱ्या माणसाची गरज बऱ्याच क्षेत्रांना असते. मात्र केवळ पगारासाठी या वाटेला येऊ नये. त्यासाठी सोप्या वाटा आहेत.

माझे मागणे विद्यार्थ्यांपेक्षा महाविद्यालयांकडे अधिक आहे. नव्या पदवीची, नव्या इमारतीची वाट पाहू नका. येत्या सत्रात प्रयोगांच्या यादीत एक प्रयोग आकाशाचा घाला, आणि सांख्यिकी भौतिकीच्या तासाला एक उदाहरण सूर्याचे सोडवा. गायाची माहिती मोफत आहे, आणि तिच्यासाठी लागतो तेवढा संगणक विभागात आधीच आहे.