विकत घेतलेली वस्तू नक्की कुणाची?

‘विकत घेणं’ म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आपण त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनंच पाहू. पैसे दिले, वस्तू घेतली, ती आपली झाली. यात विचार करण्यासारखं काय आहे? पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत या साध्या क्रियापदाचा अर्थ आपल्या नकळत बदलला आहे. आपण पूर्वीसारखेच पैसे मोजतो, बिलावर आपलंच नाव असतं, पण वस्तू कशी चालेल आणि किती दिवस चालेल हे विकणारा विक्रीनंतरही ठरवत राहतो.

आमच्या घरी एक स्मार्ट टीव्ही आहे. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. पहिली दोन वर्षं तो लावला की अ‍ॅप्सची यादी दिसायची. मग एकदा अपडेट आलं आणि अर्ध्या स्क्रीनवर जाहिरात दिसू लागली. सोबत नव्या अटी आणि खाली दोन बटणं: ‘मान्य’ आणि ‘नंतर’. ‘नाही’ हे बटण नव्हतंच. आई म्हणाली, “अरे, टीव्ही आपला आहे ना? मग आपल्याला न विचारता यांनी जाहिरात लावलीच कशी?” मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे ‘कशी’चं तांत्रिक उत्तर मला ठाऊक होतं. पण तिनं तांत्रिक प्रश्न विचारलाच नव्हता. तिचा प्रश्न मालकीचा होता.

मालकी म्हणजे काय, यावर माणसानं पूर्वीच बराच विचार केलेला आहे. रोमन कायद्याच्या परंपरेत मालकीचे तीन भाग मानले जातात. वस्तू वापरणं, तिच्यापासून मिळणारं उत्पन्न घेणं आणि तिचं हवं ते करणं, म्हणजे विकणं, मोडणं, कुणाला देऊन टाकणं. आपल्याकडच्या १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात कलम १४ आहे. करारातून वेगळा हेतू दिसत नसेल, तर ग्राहकाला वस्तूचा ताबा निर्वेधपणे उपभोगता येईल ही हमी प्रत्येक विक्रीत गृहीत धरलेली असते, असं ते सांगतं. स्मार्ट टीव्ही, स्मार्टफोन किंवा इंटरनेट यायच्या कितीतरी आधी कायद्याला एवढं समजलं होतं की, विकलेल्या वस्तूत विकणाऱ्यानं पुन्हा लुडबुड करू नये.

शिलाई मशीनचा पट्टा बदलायला कंपनीची परवानगी लागत नव्हती. मिक्सर बिघडला तर गल्लीतला दुकानदार उघडून बघायचा. आज पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फोनचा डिस्प्ले बदलून देणारा कारागीर तितकाच हुशार आहे. पण त्यानं बसवलेला भाग ‘ओळखीचा’ आहे का, हे आता फोनमधलं सॉफ्टवेअर ठरवतं. नसेल तर फोन इशारा दाखवतो, किंवा एखादी सोय बंद ठेवतो.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं याची दोन उदाहरणं जुनी आहेत, पण विसरण्यासारखी नाहीत.

जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉननं ग्राहकांच्या किंडलवरून काही पुस्तकं परस्पर पुसून टाकली. ज्यानं ती विक्रीला ठेवली होती, त्याच्याकडे त्यांचे हक्क नव्हते. पुस्तकं होती जॉर्ज ऑरवेलची, त्यात ‘१९८४’सुद्धा होतं. पैसे परत मिळाले, जेफ बेझोस यांनी माफीही मागितली. पण एका विद्यार्थ्यानं अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपणं काढली होती, ती पुस्तक गेल्यामुळे निकामी झाली आणि तो कोर्टात गेला. पुस्तकाची किंमत परत करता येते, त्यावर खर्च केलेले दिवस परत करता येत नाहीत. आपण वस्तू वापरतो तेव्हा तिच्यात आपलं काहीतरी मिसळत जातं, ते कंपनीच्या हिशोबात कुठेच नसतं.

दुसरं उदाहरण रिव्हॉल्व्हचं. घरातले दिवे, कुलपं वगैरे नियंत्रित करणारं हे सुमारे ३०० डॉलरचं यंत्र. गूगलच्या गटातल्या नेस्ट कंपनीनं २०१४ मध्ये रिव्हॉल्व्ह विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचे सर्व्हर बंद केले. लोकांच्या घरातली धडधाकट यंत्रं त्या दिवसापासून निव्वळ खोकी झाली. वस्तूत काहीच बिघाड नव्हता. लांब कुठेतरी कुणीतरी एक बटण बंद केलं होतं, इतकंच.

यावर नेहमीचं उत्तर येतं, “अटी मान्य केल्या होत्या ना?” केल्या होत्या. पण संमतीला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा नकार देता येतो. पैसे भरून, वस्तू घरी आणून, भिंतीवर टांगून झाल्यावर ज्या अटी समोर येतात, त्यांना नकार देणं म्हणजे वस्तू बंद ठेवणं. याला संमती म्हणायचं, तर नाइलाज कशाला म्हणायचं? आणि ‘नाही’ हे बटण बनवणं अजिबात अवघड नसतं. ते नसतं, कारण ते नसावं असं कुणीतरी ठरवलेलं असतं.

मग कंपन्यांनी विक्रीनंतर वस्तूला हातच लावू नये का? रागाच्या भरात ‘हो’ म्हणावंसं वाटतं, पण माझा पेशा मला तसं म्हणू देत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या व्हायरसनं जगभरचे कॉम्प्युटर ठप्प केले, ब्रिटनमधल्या रुग्णालयांना अपॉइंटमेंट्स रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं, पण अनेकांनी ते घेतलंच नव्हतं. इतकंच नव्हे, विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपलेला असूनही कंपनीनं त्या हल्ल्यानंतर एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. इंटरनेटला जोडलेली वस्तू विकून मोकळं होता येत नाही. ती सुरक्षित ठेवायची तर विकणाऱ्याचा हात तिच्यापर्यंत पोचावाच लागतो.

म्हणून मला वाटतं, नाळ तोडा ही मागणीच चुकीची आहे. विचारायचं ते हे की, नाळ कुणाच्या फायद्यासाठी वापरली जाते आणि तिच्यासोबत कोणती कर्तव्यं येतात. विकलेल्या घराची एक किल्ली घरमालकानं स्वतःकडे ठेवली, तर न सांगता आत येण्याचा हक्क त्याला मिळत नाही. उलट चोरी झाली तर पहिला जाब त्यालाच विचारला जातो. किल्ली ठेवायची असेल, तर जबाबदारीही ठेवावी लागेल.

ही जबाबदारी पाळली जाते का, हे ओळखण्याची एक कसोटी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७९५ मध्येच सांगून ठेवली आहे. इतरांच्या हक्कांशी संबंधित असलेल्या ज्या कृतीमागचं तत्त्व उघडपणे सांगता येत नाही, ती कृती अन्याय्य असते. डिसेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलनं कबूल केलं की, बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जात होता. इंजिनिअर म्हणून पाहिलं तर कारण पटण्यासारखं आहे. थकलेली बॅटरी अचानक लागणारा जास्तीचा विद्युतप्रवाह देऊ शकत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो. मग चूक कुठे होती? न सांगण्यात. नवी बॅटरी टाकून जे काम भागलं असतं, त्यासाठी नवा फोन घ्यावा असं ग्राहकाला वाटू शकत होतं. फ्रान्सनं २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड लावला तो याच कारणासाठी, ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल.

ही कसोटी आमच्यासारख्यांनाही लागू होते. ‘ग्राहकाला फसवा’ असं कुठल्याही कामाच्या तिकिटावर लिहिलेलं नसतं. तिथे लिहिलेलं असतं, ‘एंगेजमेंट वाढवा’. प्रॉडक्ट मॅनेजर आकड्याकडे बोट दाखवतो, डिझायनर बटण लहान करतो, डेव्हलपर कोड लिहितो, टेस्टर तपासतो. प्रत्येकाच्या वाट्याला अन्यायाचा इतका छोटा तुकडा येतो की, तो कुणालाच टोचत नाही. अशा वेळी मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारता येतो: आपण हे का करतोय, ते ग्राहकाच्या तोंडावर सांगू शकू का? हा प्रश्न विचारायला क्रांतिकारक असावं लागत नाही.

कायदा हळूहळू जागा होतोय. कॅलिफोर्नियात २०२५ पासून डिजिटल वस्तू नुसत्या परवान्यावर देताना तसं स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असं लिहिता येत नाही. जून २०२५ पासून युरोपीय संघात नव्या फोनना विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग देणं बंधनकारक झालं आहे. आपल्याकडे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ग्राहकांना गंडवणाऱ्या ऑनलाइन रचनांच्या तेरा प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आणि हे परवडतच नाही असंही नाही. पिक्सेल ८ साठी गूगलनं स्वतःहून सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं आहे.

पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारून बघा. अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार? आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडला, तर या वस्तूतलं काय काय चालू राहील? दुकानदाराला बहुधा उत्तर येणार नाही. पण रोज दहा गिऱ्हाइकांनी हेच विचारलं, तर तो वर विचारेल आणि वरच्यांना उत्तर तयार ठेवावं लागेल.

भाड्यानं वस्तू घेण्यात काही गैर नाही. आपल्यापैकी अनेक जण भाड्याच्या घरात राहतात, सिनेमे भाड्यानं बघतात. मात्र मग त्याला भाडं म्हणा, मुदत सांगा आणि किंमतही भाड्याइतकीच लावा.