बांडगूळ

गेल्या जानेवारीत वडिलांनी मला परसातल्या आंब्यावर चढून बांडगूळ काढायला सांगितलं. आम्ही लोणावळ्यात राहतो. मोहोर यायचे दिवस होते आणि एक फांदी शेंड्याकडून वाळत चालली होती. आदल्याच आठवड्यात काकांनी जेवताना सगळ्यांसमोर विचारलं होतं, "अजून किती वर्षं बांडगुळासारखा राहणार आहेस?" मी २७ वर्षांचा आहे. तीन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतोय, वडिलांच्या पगारावर. काकांच्या प्रश्नावर वडील काहीच बोलले नव्हते. कोयता घेऊन चढताना मला तेच आठवत होतं.

शाळेत आपण पंचसृष्टी वर्गीकरण पाठ केलं, ते आठवतंय? लिनियसने अठराव्या शतकात सजीवांच्या दोनच सृष्टी मानल्या होत्या, वनस्पती आणि प्राणी. अळंब्या त्यात वनस्पतींमध्ये ढकलल्या गेल्या, कारण त्या जागच्या हलत नाहीत. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटाकरने पाच सृष्टी मांडल्या: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. पेशींच्या रचनेबरोबर त्याने एक घरगुती प्रश्न विचारला, हा जीव खातो कसा? वनस्पती उन्हात अन्न तयार करतात, प्राणी गिळतात, कवकं बाहेरच पचवून शोषून घेतात. जो स्वतः करून खातो तो स्वयंपोषी, बाकी सगळे परपोषी.

विज्ञानात हे शब्द नुसती नोंद करतात. आपण घरी आणलं की त्यांची शिवी होते.

झाडावर बसून मी ते बांडगूळ पहिल्यांदा नीट पाहिलं. पानं हिरवीगार होती. म्हणजे ते आंब्याकडून पाणी आणि क्षार घेतं, पण उन्हात स्वतःचं अन्नही करतं. अर्धपरजीवी. अमरवेलीला तर धड पानंही नसतात, ती जवळजवळ सगळंच दुसऱ्याकडून घेते. तरी तिला कुणी वनस्पतींच्या सृष्टीतून बाहेर काढलेलं नाही. बांडगुळाची फळं फुलटोच्या खातो. चिकट बी त्याच्या विष्ठेतून दुसऱ्या फांदीला जाऊन चिकटतं. हळदीकुंकू नावाच्या फुलपाखराच्या अळ्या याच पानांवर वाढतात. ज्याला आपण फुकट्या म्हणतो, त्याच्या ताटातही चार जण जेवत असतात.

आणि आंबा तरी पूर्ण स्वावलंबी कुठे आहे? त्याच्या मुळांशी कवकं असतात, ती त्याला स्फुरद मिळवून देतात आणि बदल्यात साखर घेतात. आमच्या गावाचंही तसंच. इथली चिक्की प्रसिद्ध, पण शेंगदाणे आणि गूळ बाहेरून येतात, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याहून येतं. शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागल्या की आम्ही पर्यटकांना शिव्या देतो आणि त्यांच्याच पैशावर सोमवारी भाजी आणतो.

इथवर आल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. सगळेच कुणाच्या ना कुणाच्या जिवावर जगतात, मग मी एकटा कशाला ओशाळू? पण समोरची फांदी वाळलेली होती. ती काही रूपक नव्हती. बांडगुळाला फांदी दिसत नाही, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मला मात्र दिसतं. दोन वर्षांपासून वडिलांनी चष्म्याचा नंबर तपासलेला नाही, पुढच्या महिन्यात बघू म्हणतात. त्याच काळात मी दोन क्लासची फी भरली.

दुसऱ्याकडून घेणं हा गुन्हा नाही, असं मला अजूनही वाटतं. लहान मूल घेतं, आजारी माणूस घेतो, म्हातारे आजोबा घेतात. पण घेताना देणाऱ्याकडे बघायचं की नाही, हे माणसाला ठरवता येतं. काकांचा शब्द चुकीचा होता. त्यामागचा प्रश्न चुकीचा नव्हता.

बांडगूळ नुसतं उपटून भागत नाही. त्याची मुळं फांदीच्या आत शिरलेली असतात, म्हणून थोडं मागून फांदीच कापावी लागते. मी कापली. खाली उतरल्यावर वडिलांना म्हटलं, "बाबा, उद्या चष्म्याच्या दुकानात जाऊ. आणि संध्याकाळच्या शिकवण्या घ्यायचं म्हणतोय."

ते म्हणाले, "आधी हात धू. चीक लागलाय."