न मोजलेला श्वास

काही वर्षांपूर्वी एका आप्ताच्या उशाशी रुग्णालयात रात्री जागण्याचा प्रसंग आला. खाटेला अडकवलेला तक्ता वाचावयास वेळ भरपूर होता. ताप, नाडी, रक्तदाब यांचे आकडे दर खेपेस बदललेले. श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीने वीस, वीस, वीस. शेजारच्या खाटेवर एक वृद्ध गृहस्थ धापा टाकीत होते. त्यांच्याही तक्त्यावर वीसच. त्या रात्री कुणी कुणाचा श्वास मोजल्याचे मी पाहिले नाही. याला लबाडी म्हणावे, की कामाच्या रगाड्यातील क्षम्य सवय? हा प्रश्न तेव्हापासून मनात घर करून राहिला आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील मुली परिचारिका झाल्या आहेत, काही आज शिकत आहेत. शरीराची ओळख करून घेताना पहिल्या काही धड्यांतच त्यांना सांगितले जाते, की विश्रांती घेणारा निरोगी प्रौढ माणूस मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेतो. मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर अहोरात्र लक्ष ठेवून असते. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, रक्तात आम्ल साठले, हृदय थकले, की श्वासाची गती बदलते. पुष्कळदा हा बदल इतर लक्षणांच्या आधी दिसतो. ताप व रक्तदाब मोजावयास उपकरण लागते. श्वासाला घड्याळ आणि एक मिनिट पुरे. तरीही सर्वांत अधिक टाळले जाते ते हेच मोजमाप.

या शिक्षणात एक गमतीची शिकवण आहे. आपला श्वास कुणी मोजत आहे असे कळले, की माणूस नकळत तो बदलतो. म्हणून विद्यार्थिनीला सांगतात: नाडी पाहून झाली तरी मनगट सोडू नकोस, बोटे तिथेच ठेव आणि छातीच्या हालचाली मोज. म्हणजे रुग्णापासून काही लपवावयाचेच असते. पण ते सत्य हाती लागावे म्हणून. न मोजता ‘वीस’ लिहिणारी व्यक्तीही काही लपवते; पण ते सत्य हाती लागूच नये अशा रीतीने. कृती दोन्हीकडे लहानशी आहे. हेतूने त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर पडते. तक्ता ही साक्षच आहे. दुसऱ्या पाळीतील डॉक्टर तिच्यावर विसंबून औषध ठरवतो. खोट्या साक्षीस मनाई करणारी आज्ञा केवळ न्यायालयापुरती आहे, असे कोण म्हणेल?

‘वेळ कुठे असतो?’ हे उत्तर खोटे नाही. एका परिचारिकेवर एवढ्या खाटा सोपविल्या जातात, की प्रत्येकी एक मिनिट म्हणजे तासाहून अधिक वेळ होतो. तिच्यावर दोष ठेवणे सोपे आहे. तथापि त्या मिनिटाचे मोल काय असते, हे आपल्या विदर्भानेच दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवकांना व सुइणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखावयास शिकवले. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक असेल, तर तो धोक्याचा इशारा. ज्या सुइणींना एवढे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन तयार केले गेले: दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर औषध द्यायचे. गडचिरोलीच्या या प्रयोगाचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या भागाच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले होते. अक्षरशून्य बाईने प्रामाणिकपणे मोजलेला श्वास सुशिक्षिताने लिहिलेल्या ‘वीस’पेक्षा मोठा ठरला.

आता यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्याकडे पाहा. काळ्या मातीचा, कापसाचा हा मुलूख. २०१७ साली याच जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि सुमारे वीस जण दगावले. अशा फवारणीत वापरल्या जाणाऱ्या ऑर्गनोफॉस्फरस गटातील विषाने डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम व लाळ सुटते, छाती स्रावाने भरते. त्यावर अॅट्रोपिन देतात. पण किती द्यायचे, हे छातीला नळी लावून, नाडी मोजून, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाहूनच ठरते. रात्री महागावच्या एखाद्या उपकेंद्राच्या दारात असा मजूर बैलगाडीतून किंवा मोटारसायकलवरून आणला जातो, तेव्हा तेथील सेविकेपाशी प्रयोगशाळा नसते. तिचे डोळे, तिचा कान, तिची बोटे आणि मनगटावरचे घड्याळ, एवढेच तिचे धन. ते खोटे निघाले, तर त्या मजुराला उरते काय?

म्हणून मला वाटते, ज्या रात्री खरोखरच वेळ मिळाला नाही, त्या रात्री रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना वरिष्ठांना प्रश्न विचारतो: माणसे इतकी कमी का? ‘वीस’ हा आकडा तो प्रश्नच मिटवून टाकतो, आणि रुग्णासोबत परिचारिकेवरील अन्यायही झाकून ठेवतो. कोऱ्या रकान्याबद्दल बोलणी खावी लागतील, हे खरे. म्हणूनच अशा परिचारिकेच्या पाठीशी उभे राहणे हे आपल्यासारख्या बाहेरच्यांचेही काम आहे.

आणि बाहेरच्यांविषयी बोलायचे, तर एक कबुली देणे प्राप्त आहे. त्या रात्री माझ्याही मनगटावर घड्याळ होते. शेजारचे वृद्ध गृहस्थ हाताच्या अंतरावर धापा टाकीत होते. दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात मी रात्र घालवली. त्यांचे श्वास मात्र मीही मोजले नाहीत, की कुणाला हाक मारली नाही.