पाच आकडी कुलूप

एससीपी-३१२५ हे पान उघडलं की सुरुवातीला फारसं काही हाती लागत नाही. एक खोली आहे, तिच्या भिंतींना शिशाचं आवरण आहे, आत एका वेळी एकालाच जाता येतं आणि आत जे कळेल ते घेऊन बाहेर पडता येत नाही. एवढी कोरडी, सरकारी थाटाची माहिती आणि पुढे बंद दार. दाराला पाच आकडी कुलूप. कथा दाराच्या पलीकडे आहे. आकडे सापडले नाहीत, तर वाचक बाहेर.

हे पान ज्या पसाऱ्यातलं आहे त्याची सुरुवात २००७ साली झाली. एका निनावी संकेतस्थळावर कुणीतरी एका पुतळ्याविषयी टिपण टाकलं. बघणाऱ्याची पापणी लवली, की तेवढ्या क्षणात पुतळा हलतो आणि मान मोडतो. टिपण कथेसारखं लिहिलेलं नव्हतं. वस्तू क्रमांक १७३, ती कशी कोंडून ठेवायची, साफसफाईला किती माणसांनी आत जायचं, असा कार्यालयीन मजकूर होता. २००८ पासून याच साच्यात लिहिणाऱ्यांची एससीपी विकी उभी राहिली आणि आज तिथे अशा हजारो नस्त्या आहेत. कोणीही सदस्य होऊन लिहावं, वाचकांनी मत द्यावं, गुणसंख्या उणे दहावर किंवा त्याखाली गेली की पान काढून टाकण्याच्या यादीत जातं. सगळा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असल्यामुळे एकाचं भूत दुसऱ्याने उसनं घेतलं तरी तक्रार होत नाही.

या नस्त्यांमध्ये जागोजागी काळ्या पट्ट्या असतात. नाव झाकलेलं, गाव झाकलेलं, मेलेल्यांचा आकडा झाकलेला. माहितीच्या अधिकारात कागद मागवून पाहिलेल्या माणसाला ही पट्टी ओळखीची वाटेल. झाकलेल्या जागी काय असेल हे आपण मनात भरतो, आणि आपण भरलेलं बहुधा लेखकाला सुचलं असतं त्यापेक्षा वाईट असतं. सामूहिक भयलेखनातलं पहिलं कोडं हेच होतं. त्याला उत्तर नव्हतं आणि म्हणूनच ते चाललं. पुढे लेखकांच्या हाती जास्त हत्यारं आली: पानात दडवलेली पानं, पार्श्वभूमीच्याच रंगात लिहिलेली अक्षरं, परवलीचा शब्द मागणारे चौकोन. तिथून घोटाळाही सुरू झाला.

घोटाळा असा, की यातली बरीच कोडी टोलनाक्यासारखी असतात. वाचकाने थांबायचं, अक्षरांची उलटापालट करायची, एक शब्द भरायचा आणि पुढे जायचं. नाक्यावर जे केलं त्याचा पुढच्या रस्त्याशी संबंध नाही. २००९ साली यूट्यूबवर सुरू झालेली ‘मार्बल हॉर्नेट्स’ ही मालिका मला आवडते, पण तिच्यातला एक अज्ञात इसम सांकेतिक चित्रफिती धाडत राहतो त्या उलगडण्याचा मला लवकरच कंटाळा आला. खटपट करून संकेत फोडावा आणि हाती धमकीची एखादी ओळ यावी. धमकी सरळ दिली असती तर निदान दचकलो तरी असतो.

मग भयकथेत कोडं शोभतं कधी? याचं उत्तर मला संगणकापेक्षा ‘चांदोबा’त आधी सापडतं. विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालतो आहे, प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील; तोंड उघडलंस तर मौन मोडेल आणि मी पुन्हा झाडावर जाईन. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त हा साचा आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी तो ‘वेताळपंचविशी’ म्हणून मराठी गद्यात आणला. त्यातली खुबी कोड्याच्या अवघडपणात मुळीच नाही. विक्रमाला उत्तरं येतातच. येतात म्हणूनच तो अडकतो. ज्याला उत्तर सुचलं नाही तो सुटला असता. इथे कोडं सोडवणं ही कथेतली घटना आहे आणि तिची किंमत सोडवणाऱ्याने मोजायची आहे.

या कसोटीवर ३१२५ चं कुलूप उतरतं. ते रचलं आहे सॅम ह्यूजेस या ब्रिटिश लेखकाने, क्यूएनटीएम या टोपणनावाने. त्याआधी, २००८ मध्ये, त्याने एससीपी-०५५ लिहिलं होतं. ती वस्तू काय आहे हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, ती काय नाही एवढंच लक्षात राहतं. आपल्याकडे ब्रह्माविषयी ‘नेति नेति’ म्हणून झालं आहे. ह्यूजेसने तीच युक्ती एका कोठडीतल्या वस्तूला लावली. ३१२५ मध्ये उलट धोका आहे. ती एक कल्पना आहे. तुम्हाला ती कळली, की तुम्ही तिला कळता, आणि मग ती तुम्हाला संपवते. म्हणून ती समजून घेण्याची एकच सुरक्षित जागा म्हणजे ती शिशाची खोली आणि बाहेर पडताना सगळं विसरणं अनिवार्य. आता त्या दारापाशी उभ्या असलेल्या वाचकाचा विचार करा. आकडे शोधण्यासाठी त्याला त्या गोष्टीसारखा विचार करावा लागतो, ती कोणत्या संख्येभोवती फिरते हे ताडावं लागतं. उत्तर मी इथे फोडत नाही. ३१२५ ही पाचाची पाचवी घातसंख्या आहे एवढं सांगतो. ज्याला ते सुचलं त्याच्या डोक्यात, कथेच्या हिशेबाने, ती कल्पना शिरलेलीच आहे. दार उघडण्याआधीच.

दुसरं उदाहरण याहून साधं आणि मला अधिक लाडकं. एससीपी-२५२१ या पानावर वर्णनाचं एक वाक्य नाही. सगळं चित्रांत आहे: माणसाची आकृती, कागद, बोलण्याचा फुगा, बाण, फुल्या. शीर्षकसुद्धा ठिपके आणि उभ्या रेघा. चित्रं जुळवता जुळवता लक्षात येतं, की या प्राण्याविषयी कुणी लिहिलं किंवा बोललं तर तो येऊन तो मजकूर आणि माणूस दोन्ही घेऊन जातो. चित्रं मात्र त्याला समजत नाहीत. म्हणजे पान चित्रांत का आहे याचं कारण हेच त्या पानाचं उत्तर. भाषांतराची गरज नाही, जपानी वाचक आणि मराठी वाचक एकाच उंबऱ्यावर. आणि उत्तर सापडल्यावर स्वाभाविकपणे ते शेजारच्याला सांगावंसं वाटतं, जे करायचं नाही हे आत्ताच कळलेलं असतं. मी तर त्यावर परिच्छेद लिहून बसलो.

एक कबुली द्यायला हवी. कुलूप घातलेल्या एका दुसऱ्या पानावर मला परवलीचा शब्द सापडेना तेव्हा मी पानाचा मूळ कोड उघडून तो वाचला. हे फार कठीण नाही. ब्राउझरमध्ये दिसणारं कुलूप बहुधा कागदी असतं. ते टिकतं ते वाचकाने टिकू दिलं म्हणून. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले तेव्हा कुलूप खरं होतं. पंथाबाहेरच्याला ते वाचता येऊ नये हाच हेतू होता, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकाने डोकं घालेपर्यंत ते टिकलंही. विकीवरच्या लेखकाला दार उघडलं जायलाच हवं असतं. त्यामुळे कोड वाचून मी फसवलं असेल तर मला स्वतःला. कथा वाचली, सगळी समजली, पण मी विक्रम नव्हतो. स्मशानाच्या कुंपणावरून बघणारा होतो.

लबाडीपेक्षा मोठी अडचण गर्दीची आहे. २००१ साली स्पीलबर्गच्या ‘ए. आय.’ या चित्रपटाच्या प्रचारासाठी मायक्रोसॉफ्टच्या चमूने ‘द बीस्ट’ नावाचा कोड्यांचा खेळ इंटरनेटवर पसरवला. ‘क्लाउडमेकर्स’ नावाने हजारो लोक एकत्र आले आणि महिनोन्‌महिने पुरतील म्हणून रचलेली कोडी त्यांनी बघता बघता संपवली. चमूला पुढची कोडी घाईघाईने रचावी लागली. हजार डोक्यांपुढे कुठलंही संकेतलेखन टिकत नाही. आणि भीतीला तर एकटेपणा लागतो. दहा जण मिळून गणित सोडवत बसले की भूत घाबरवणार कुणाला? सामूहिक लेखन आणि भय यांचं मुळात जमू नये, असं कुणी म्हटलं तर मी चटकन खोडून काढू शकणार नाही.

तरीही २०२० मध्ये एक तोड निघाली. क्रमांक ५००० साठी विकीवर स्पर्धा होती, विषय ‘रहस्य’. टॅनहोनी या टोपणनावाच्या लेखकाची जी नस्ती जिंकली तिचं नाव ‘का?’ या सगळ्या नस्त्या ज्या काल्पनिक संस्थेच्या म्हणून लिहिल्या जातात, ती माणसांना वाचवण्यासाठी उभारलेली संस्था एके दिवशी माणसांनाच मारायला निघते. कारण पानात कुठेच सांगितलेलं नाही. खुणा पेरल्या आहेत, त्या जुळतात, न जुळणाऱ्याही काही उरतात. कुलूप नाही, चौकोन नाही, भरायचा शब्द नाही. गर्दीने उत्तरं काढली आणि त्यातलं एखादं पटण्याजोगंही आहे, पण ते पटलं की आणखी अस्वस्थ व्हायला होतं, कारण मग संस्थेचा निर्णय थोडासा पटू लागतो. गर्दी उत्तर देऊ शकते. ते पटवून घेणं ज्याचं त्याने रात्री एकट्याने करायचं असतं. पुन्हा ती काळी पट्टीच आली, फक्त यावेळी ती एका वाक्यावर न राहता सबंध कथेवर पसरली.

३१२५ ज्या मालिकेतलं आहे ती ह्यूजेसची कथामालिका पुढे पुस्तक झाली: २०२१ मध्ये त्याने स्वतः काढली, आणि २०२५ मध्ये मोठ्या प्रकाशनगृहाने नव्या रूपात, एससीपीची नावनिशाणी वगळून. छापील पानाला कुलूप घालता येत नाही. बोट लावलं की ते उलटतं. म्हणून हा लेख लिहिण्याआधी मी पुन्हा मूळ पानावर गेलो. त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्याला काही आठवू नये, असा नियम आहे. दार आलं आणि पाचही आकडे मी न थांबता दाबले.