मागणाऱ्याचा अधिकार

परळीला वैजनाथाचे दर्शन झाले, की यात्रेकरूंची पावले वटेश्वराकडे वळतात. कारण सत्यवानाचे प्राण घेऊन निघालेल्या यमाच्या मागोमाग सावित्री चालत गेली ती याच परिसरात, अशी इकडची श्रद्धा आहे. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. परंतु एका जुन्या तहनाम्याची कलमे वाचीत असता ती मला अवचित निराळ्याच अर्थाने आठवली.

परळीचा बीड जिल्हा त्या तहाच्या काळी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. शेजारचा नगर जिल्हा इंग्रजी अमलात. एका हद्दीत दरोडा घालावा आणि सीना नदी ओलांडून दुसऱ्या हद्दीत निर्धास्त निजावे, हे अशा मुलखात सहज शक्य होते. म्हणून इंग्रज सरकार व हैदराबाद दरबार यांच्यात 1867 साली गुन्हेगार हवाली करण्याविषयी तह झाला. फरारी मागावयाचा तो ज्याच्या मुलखात गुन्हा घडला त्या सरकारने, अगर त्याच्या हुकमाने. आणि तेही, तो जेथे सापडला तेथील कायद्याने त्याला पकडणे रास्त ठरेल इतका पुरावा दाखवून. पुढे 1903 च्या कायद्याने इंग्रजी हद्दीतील जिल्हा मॅजिस्ट्रेटाकडे वॉरंट पाठविण्याचा अधिकार संस्थानातील इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीला, म्हणजे पोलिटिकल एजंटाला दिला, आणि संस्थानच्या कारभाऱ्यांनाही सरकारकडे मागणी करण्याची वाट मोकळी ठेवली. मात्र ज्याचे घर लुटले तो फिर्यादी आणि ज्याच्या मानेला फास लागावयाचा तो फरारी, या दोघांनाही त्या मागणीत वाचा नव्हती.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सावरकरांचे. 1881 च्या फरारी गुन्हेगारांच्या कायद्यान्वये त्यांना लंडनहून हिंदुस्थानात आणले जात असता, 8 जुलै 1910 रोजी त्यांनी मार्सेय बंदरात बोटीवरून उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला. तेथील शिपायाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर पोचविले. फ्रान्सने त्यांना परत मागितले. हेग येथील लवादाने 24 फेब्रुवारी 1911 रोजी त्या धरपकडीत अनियमितता झाल्याचे मान्य करूनही, त्यांना परत करण्यास इंग्लंड बांधलेले नाही असा निवाडा दिला. आश्रय ज्याला हवा होता तो त्या वादात पक्षकारच नव्हता.

आणि सावित्री? यमाच्या दरबारी तिलाही अधिकार नव्हता. परंतु तिने यमाचा अधिकार नाकारला नाही. त्याच्याकडून वर मिळवीत मिळवीत अखेरीस शंभर पुत्रांचा वर घेतला, आणि पतीवाचून तो वर खरा व्हावा कसा, या एकाच प्रश्नाने धर्मराजाला त्याच्याच शब्दात बांधले. दुर्बलाला सत्तेपुढे एवढेच शस्त्र असते. तहनाम्यातील पुराव्याचे कलम म्हणजे सत्तेने स्वतः दिलेला असाच एक शब्द होय.

बीड आणि नगर 1956 साली एका राज्यात आले. 1903 चा कायदा 1962 च्या नव्या कायद्याने गेला. मागण्याचा अधिकार मात्र आजही सरकारांपाशीच आहे. तो तेथेच असावा, कारण फिर्यादीच्या हाती दिल्यास न्यायाचा सूड होण्यास वेळ लागत नाही. परंतु पुरावा न दाखविता जे सरकार माणूस मागते, त्याला तो देऊ नये.