मृत्यू एक, अपराधाच्या पायऱ्या अनेक

एका माणसाच्या हातून दुसऱ्याचा जीव गेला, तर न्यायासनापुढे दोन प्रश्न उभे राहतात: मृत्यू त्याच्या कृतीने ओढवला काय, आणि ती कृती करताना त्याच्या मनात काय होते. पहिल्याचे उत्तर शवविच्छेदन व साक्षीपुरावे यांवरून बहुधा मिळते; दुसऱ्याचे उत्तर, मन कोणालाच दिसत नसल्यामुळे, हत्यार कोणते होते, घाव कोठे व किती जोराने बसला, आधी काय घडले होते यांवरून अनुमानानेच काढावे लागते, आणि तरीही अपराधाची प्रत ठरते ती मुख्यतः या दुसऱ्या उत्तरावरच. मेलेल्याचे जाणे प्रत्येक वेळी सारखेच असताना मारणाऱ्याच्या मनाला एवढे वजन का द्यावे, हा प्रश्न कायद्याइतकाच धर्मविचाराचाही आहे, आणि चेन्नईतील मद्रास उच्च न्यायालयाच्या दोन जुन्या निकालांत तो विलक्षण स्पष्टपणे समोर येतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने 1794 मध्ये खुनाचे पहिला दर्जा व दुसरा दर्जा असे भाग पाडले. भारतीय कायद्याने वेगळी वाट धरली: 1860 च्या दंड संहितेने कलम 299 मध्ये ‘सदोष मनुष्यवध’ ही व्यापक जात सांगितली आणि कलम 300 मध्ये ‘खून’ ही तिची सर्वांत गंभीर पोटजात ठरवली, व 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 100 व 101 मध्येही हीच मांडणी कायम आहे. तिचा सारा डोलारा दोन शब्दांवर उभा आहे: ‘उद्देश’, म्हणजे परिणाम घडावा ही इच्छा, आणि ‘जाणीव’, म्हणजे तो घडण्याचा संभव ठाऊक असणे. मृत्यूचाच उद्देश असेल, किंवा निसर्गक्रमाने मृत्यू आणण्यास पुरेशी असलेली इजा हेतुपुरस्सर केली असेल, तर तो साधारणतः खून ठरतो व त्याला मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. मात्र गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाने आत्मसंयम सुटला असता घडलेला वध खुनाच्या सदरातून बाहेर पडतो, आणि मृत्यूचा संभव केवळ ठाऊक होता एवढेच सिद्ध झाले, तर खालच्या पायरीवरील कारावास कमाल 10 वर्षांचा असतो. नागपूरच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी 1958 च्या विरसा सिंग खटल्यात हे अधिक नेमके केले: आरोपीला ती विशिष्ट इजा करायची होती एवढे सिद्ध व्हावे, ती मारक होण्यास पुरेशी होती की नाही हे मग वस्तुस्थितीवरून ठरते.

मद्रासच्या 1912 मधील खटल्यात सूर्यनारायण मूर्ती नावाच्या आरोपीने, ज्याच्या आयुष्याचा विमा उतरवला होता अशा एका माणसाला सोमल व पारा मिसळलेला हलवा दिला. त्याने थोडा खाऊन उरलेला टाकून दिला, आणि घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीने तो उचलून खाल्ला. ज्याला मारायचे होते तो वाचला आणि जिचे नावही मनात नव्हते ती मुलगी दगावली. तिने स्वतः उचलून खाल्ले असताना हा मृत्यू आरोपीने घडवला असे म्हणता येईल काय, यावर न्यायमूर्तींत मतभेद झाला; सुंदर अय्यर यांनी ते नाकारले, पण बेन्सन व अब्दुर रहीम यांच्या मते तो मुलीचाच खून होता. जीव घेण्याचा उद्देश एकदा कृतीत उतरला की बळी कोण ठरला, यावरून अपराधाची प्रत उतरत नाही.

सात वर्षांनी, 1919 च्या पलनी गौंडन खटल्यात, याच तत्त्वाची दुसरी कड दिसली. नवऱ्याने नांगराच्या फाळाने बायकोच्या डोक्यात प्रहार केला. ती बेशुद्ध पडली, आणि ती मेली असे समजून, आत्महत्येचा देखावा उभा करण्यासाठी, त्याने तिला दोरीने तुळईला टांगले. मृत्यू झाला तो त्या गळफासाने. त्याच्या समजुतीप्रमाणे तो प्रेत टांगत होता, म्हणून पूर्णपीठाने त्याला खुनी किंवा सदोष मनुष्यवधाचा अपराधी न मानता आधीच्या प्रहाराबद्दल जबर दुखापतीचा अपराधी मानले. पुढे याच न्यायालयाने या निकालाला मर्यादा घातली आणि मारण्याचाच बेत सुरुवातीपासून असेल, तर दोन्ही कृती एकाच व्यवहाराचे भाग ठरतात, असे सांगितले.

बौद्ध भाष्यकारांनी प्राणिवधाची जी पाच अंगे सांगितली आहेत, ती या निकालाशेजारी ठेवण्यासारखी आहेत: प्राणी असणे, तो जिवंत आहे हे ठाऊक असणे, वधाचे चित्त, प्रयत्न, आणि त्यातून मृत्यू. पलनी गौंडन खटल्यातील शेवटच्या कृतीत दुसरे व तिसरे अंग नव्हते. धर्मशास्त्रानेही ‘कामतः’ म्हणजे जाणूनबुजून, आणि ‘अकामतः’ म्हणजे नकळत, असा भेद पापाच्या विचारात केला. मात्र त्याने मारणाऱ्याच्या व मेलेल्याच्या वर्णानुसारही शिक्षा व प्रायश्चित्त कमीजास्त केले. आधुनिक कायद्याने मनाचा भेद ठेवला आणि वर्णाचा टाकून दिला, हे त्याचे मोठे नैतिक पाऊल होय.

तरीही मनाच्या तराजूने सारे तोलले जात नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात मनुनीती चोळ राजाचा पुतळा आहे. तिरुवारूरच्या या राजाच्या मुलाच्या रथाखाली वासरू सापडले, गाईने न्यायाची घंटा वाजवली, आणि राजाने स्वतःच्या मुलाला त्याच रथाच्या चाकाखाली दिले, अशी कथा आहे. आजच्या कसोटीवर राजपुत्राचा ना उद्देश होता ना जाणीव. राजाने अपराध तोलला तो आईच्या दुःखाने. दुःखाच्या मापाने शिक्षा दिली, तर नकळत घडलेल्या अपघातालाही मृत्युदंडच द्यावा लागेल. म्हणून त्या पुतळ्यापलीकडच्या दालनांत न्यायाधीश राजाहून वेगळा निर्णय देतात, आणि तेच न्याय्य आहे.

पण गाईची हाक खोटी नव्हती. धर्मशास्त्राने दंड आणि प्रायश्चित्त वेगळे मानले व नकळत झालेल्या हत्येलाही प्रायश्चित्त सांगितले. मारणारा खुनी नसला तरी ऋणी राहतो, ही त्यामागची खोल समज आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत 2008 च्या दुरुस्तीने पीडितांसाठी भरपाईची योजना आली, ती याच दिशेची वाट आहे. आरोपाची पायरी खाली येते, तेव्हा मेलेल्याची किंमत कमी झालेली नसते. माणसाने जे मनात आणले नाही त्याची शिक्षा त्याला देऊ नये, एवढाच तिचा अर्थ आहे. हा अर्थ मृताच्या घरच्यांना समजेल अशा शब्दांत निकालपत्रात लिहिला जावा, आणि त्यांच्या हानीची दखल शिक्षेच्या वर्षांवर न सोडता स्वतंत्रपणे घेतली जावी, तरच उद्देशाला दिलेले वजन त्यांनाही न्याय्य वाटेल.